यात्रा संपल्यावरचे लोटनआबा

पिशवीतून लाटणं डोकावत असलं की तो माणूस आपला, असं लोटनआबांचं गणित होतं. संध्याकाळी आमची गाडी सोनदऱ्याच्या देवळापाशी थांबली, की दारातून आधी आबांची पांढरी टोपी आत यायची आणि मागोमाग त्यांची नजर. ती नजर माणसांच्या तोंडाकडे वळायचीच नाही, थेट सामानाकडे जायची. परात आहे का, पिठाचा डबा आहे का, गाठोड्यातून कढईचा कान दिसतोय का. सूटकेस दिसली की आबांचं तोंड उतरायचं. मी करवादायचो, "आबा, आधी लोकांना उतरू तर द्या." पण ऐकतील ते आबा कसले. उतरणाऱ्यांच्या पायात पाय घालून ते वर चढायचे आणि रिकाम्या गाडीत शेवटच्या बाकापर्यंत जाऊन यायचे. जणू मी एखादा प्रवासी सीटखाली दडवून ठेवलाय. मग मला विचारायचे, "मास्तर, कोणीच नही?"

मी एस.टी.त कंडक्टर होतो. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा सुमार असेल. दोंडाईचाहून निघून साक्रीवरून सोनदऱ्याला मुक्कामी जाणारी गाडी माझ्या गळ्यात पडली होती. गळ्यात पडली म्हणतो, कारण रस्ता असा, की तिकीट फाडताना हात आणि पंच एका जागी राहतील तर शपथ. सोनदरा म्हणजे डोंगराच्या कुशीतलं शेवटचं गाव. वर टेकडीवर देवी, खाली बंधारा. चैत्र पुनवेला यात्रा भरायची, नवरात्रात गर्दी व्हायची, आणि उरलेलं वर्ष कुत्रंसुद्धा त्या वाटेला फिरकायचं नाही.

देवळाच्या पायथ्याशी आबांच्या खोल्या होत्या. एका ओळीत, पत्र्याच्या, आणि प्रत्येकीच्या ओट्यावर एक चूल. हॉटेल नव्हे हं. लोक नवस फेडायला, पोराचं जाऊळ काढायला यायचे, दोन-चार दिवस राहायचे आणि आपलं आपण रांधून खायचे. वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी, झालंच तर देवीच्या नैवेद्याचा शिरा. आबा भांडी द्यायचे, गौऱ्या द्यायचे, पाटा-वरवंटा द्यायचे, पाणी भरून ठेवायचे. कडेची खोली आमची, म्हणजे माझी आणि ड्रायव्हर नानांची. आबा आम्हालाही पाहुणेच म्हणायचे, पण आम्ही डबे घेऊन जायचो. रांधत नसू. त्यामुळे त्यांच्या लेखी आमचा उपयोग शून्य.

आता आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा धंद्यापायी जिवाचं रान करत होता. धंद्याचं त्यांना काही नव्हतं. खाऊन-पिऊन सुखी घर, थोडी शेती, बाभळीसारखा काटक देह. आबांना पाहुणे हवे होते ते बायकोसाठी. पाहुणे असले की बायजाअक्का उठायची. पाहुणे गेले की आडवी व्हायची. इतकं साधं आणि इतकं भयंकर होतं ते.

त्यांची एकुलती एक लेक, इंदू. दोंडाईचाला दिलेली. जावई मिरचीच्या एका व्यापाऱ्याकडे कामाला होता. इंदू पहिल्या बाळंतपणात गेली, बाळही गेलं. मी त्या गाडीवर येण्याआधीची गोष्ट. अक्का रडली नाही म्हणतात. घरी आली, खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपली आणि तिनं चुलीकडे पाहायचं सोडलं. पुढे इंदूचं वर्षश्राद्ध व्हायच्या आत जावयानं दुसरी केली, आणि त्या दिवसापासून घरात दोंडाईचाचं नाव काढायची सोय राहिली नाही. आमच्या गाडीच्या पाटीवर ते नाव होतं, म्हणून अक्का आमच्या गाडीकडेसुद्धा पाठ करून बसायची. मला पहिल्यांदा फार राग आला होता. म्हटलं, मी काय घोडं मारलंय या बाईचं? कारण कळलं तेव्हा मीच गाडी चार पावलं पुढे, पिंपळाआड उभी करायला नानांना सांगायला लागलो.

आबांनी धुळ्याचा डॉक्टर केला, साक्रीचा वैद्य केला, डोंगरातला भगतही केला. डॉक्टरच्या गोळ्यांनी झोप यायची, आणि झोपेची तर तिला कमी नव्हतीच. मग एका यात्रेत आबांच्या लक्षात आलं. कुठलीशी एक बाई दारात येऊन म्हणाली, "अक्का, मीठ शे का?" आणि अक्का उठली. मीठ दिलं. मग त्या बाईच्या पोराला ताप आहे हे कळलं म्हणून काढा केला. मग तिची भाजी बघायला गेली, तिची बट्टी कच्ची म्हणून तिला चार शब्द सुनावून आली, आणि त्या रात्री स्वतःही जेवली. स्वतः रांधून खाणारा माणूस काहीतरी विसरून येतोच, आणि त्याला काही हवं असलं की अक्काला उठावं लागतं. औषध सापडलं. तेव्हापासून आबा खोल्यांत सगळं ठेवायचे, काडेपेटीसुद्धा, पण मीठ ठेवायचे नाहीत.

एकदा तर त्यांनी हद्द केली. आश्विन सरत आला होता, नवरात्राची माणसं परतली होती, आणि बोदवडकडचं एक केळीवालं कुटुंब नवस फेडायला म्हणून आलं. मोठी शिस्तीची माणसं. मसाले कागदाच्या पुड्यांत बांधलेले, पुड्यांवर दोरा, सगळं जिथल्या तिथं. मीठ तर चांगलं बरणीभर. आबा ओट्यावर चक्कर मारून आले आणि आमच्या खोलीत येऊन बसले. चेहरा असा, की घरात कोणी आजारी असावं. थोड्या वेळानं उठून गेले. मग त्या कुटुंबातल्या काकूंचा आवाज चढला, की आत्ता इथं ठेवलेली बरणी गेली कुठं, तुमच्या देवळात काय चोर राहतात काय. आणि मग सून अक्काच्या दाराकडे निघाली. मी बाहेर आलो तर आबा आमच्या खोलीमागे बरणी पोटाशी धरून उभे.

मी म्हटलं, "आबा, मिठाची चोरी? पुढच्या जन्मी पापण्यांनी वेचावं लागतं म्हणतात."

"वेचसू," आबा म्हणाले. "पापणीघाई वेचसू. पण दख, ती ऊठनी."

खरंच उठली होती. त्या सुनेला बसवून घेऊन तिच्या सासूची उणीदुणी ऐकत होती, मान डोलावत होती. दुसऱ्या दिवशी बरणी आपोआप मोरीच्या कोनाड्यात सापडली आणि काकूंनी सुनेचीच हजेरी घेतली. आम्हा तिघांना हसू आवरेना. पण ते कुटुंब गेलं आणि गाडीला हात करून परत वळलेल्या आबांकडे मी पाहिलं. घराकडे जायला त्यांचा पाय उचलत नव्हता.

पाहुणे मिळवायला त्या माणसानं काय केलं नाही ते विचारा. दोंडाईचाच्या मिरची बाजारात जाऊन व्यापाऱ्यांना सांगून आले, की वर्षभर ठसक्यात बसता, चार दिवस आमच्या हवेत या. जावयाच्या गावात पाय ठेवायचा म्हणजे त्यांना काय वाटलं असेल ते तेच जाणोत, पण गेले. व्यापारी म्हणाले, हवा खाऊन पोट भरतं का? मग साक्रीच्या पेंटरकडून एक पाटी रंगवून घेतली आणि स्टँडच्या बाहेर टांगली. 'सोनदरा. थंड हवा, गरम चूल.' शब्द पेंटरचे. आबांना फार आवडले होते. घोळ असा झाला, की चुलीचं वाचून लोकांना वाटायचं गावरान जेवणाचं हॉटेल आहे. येऊन म्हणायचे, दोन थाळ्या लावा. आबा त्यांच्यापुढे परात आणि पीठ ठेवायचे. माणसं परतीच्या गाडीची वेळ विचारायची.

त्या पाटीला भुलून श्रावणात नाशिकचं एक जोडपं आलं. नवं लग्न, हातात सूटकेस, बाईच्या पायात उंच टाचा. मुक्कामी गाडीनं आलेले, परत जायला सकाळशिवाय गाडी नाही. गडी आबांना म्हणाला, मेनू दाखवा. आबांनी आमच्याकडे पाहिलं, नानांनी आभाळाकडे पाहिलं. शेवटी भुकेपुढे कोणाचं चालतं? आबांनी डाळ-पीठ दिलं आणि तो गडी चूल पेटवायला बसला. पावसाळी गौऱ्या त्या. धुरानं खोलीतला माणूस खोलीत दिसेना. दोघंही खोकताहेत, बाई रडतेय, गडी फुंकणीचं उलटं टोक तोंडाला लावून फुंकतोय. आणि त्या धुरातून आम्हाला अक्काचा आवाज ऐकू आला. ती कित्येक दिवसांनी खाटेवरून उठून आली होती आणि त्या गड्याला झाडत होती, की बाबा, घर पेटवशील, सरक. मग पोरीला तिनं पाटावर बसवलं, तिच्या हातानं बट्टीचे गोळे करून घेतले. ते जोडपं एका रात्रीसाठी आलेलं, राहिलं चांगलं आठवडाभर. मी रोज संध्याकाळी पोचायचो तर नवं काहीतरी शिजत असायचं. अक्का त्या पोरीच्या हातचं कच्चं-करपलं खायची आणि हसायची. तिचं हसणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आबा भिंतीला पाठ लावून ते ऐकत बसायचे आणि मी काही बोललो की माझा गुडघा दाबून गप्प करायचे.

जोडपं गेलं. जाताना ती पोरगी अक्काच्या पाया पडली, पुन्हा येऊ म्हणाली. त्याच संध्याकाळी अक्काची खाट, अक्काचं तोंड भिंतीकडे. मला वाटतं, पाहुणे येऊन जाण्यानं तिची जखम नव्यानं उघडी व्हायची. मी एकदा तसं आबांना बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, मास्तर, रोज मरणाऱ्यापेक्षा मधूनमधून जगणारा बरा. 

थंडीत तर कोणीच येईना. तेव्हा आबांनी एक नवं खूळ काढलं. संध्याकाळ झाली की रिकाम्या खोलीतली चूल ते स्वतः पेटवायचे. पत्र्यावरून धूर निघायचा, अक्काला खाटेवरून दिसायचा. ती विचारायची, कोण आलं? आबा काहीतरी सांगायचे. शिरपूरकडचे लोक आहेत, बाई मुखदुर्बळ आहे, कोणाशी बोलत नाही. तेवढ्यानं अक्का उठून बसायची, भाकरीचा तुकडा मोडायची. चारदोन दिवस निभावलं. पुढे जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं आणि पाहिलं नसतं तर बरं झालं असतं. आमची गाडी लवकर पोचली होती. अक्का वाटीत लिंबाचं लोणचं घेऊन खोल्यांच्या ओट्याकडे चालली होती. त्या मुखदुर्बळ बाईसाठी. आत आबा एकटेच चुलीपुढे बसलेले, चुलीवर नुसतं पाणी उकळत. अक्का दारात उभी राहिली.  मग वाटी उंबऱ्यावर ठेवली आणि परत गेली. भांडली नाही, रागावली नाही. आबा म्हणाले, "मास्तर, तिनी माले एक शिवी दी टाकती तं बरं व्हतं." आणि म्हातारा गुडघ्यात डोकं घालून बसला. मला तिथून हलताही येईना आणि थांबवतही नव्हतं.

सगळ्यात वाईट दिवस अखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे. आमच्या खान्देशात अखाजी म्हणजे दिवाळीपेक्षा मोठी. सासुरवाशिणी पोरी झाडून माहेरी येतात. झाडाझाडाला झोके, गावभर गाणी, घराघरात मातीच्या खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस. यात्रा संपून पंधरवडा होतो न होतो तोच अखाजी. म्हणजे खोल्या ओस पडायला आणि गावातल्या घराघरात लेकी यायला एकच गाठ. मी त्या गाडीवर आलो त्या पहिल्याच वर्षी, अखाजीच्या भर दुपारी, अक्का बंधाऱ्याच्या पाण्यात कमरेइतकी उभी असलेली एका गुराख्याला दिसली. त्यानं हाका मारल्या, हाताला धरून बाहेर आणली. काय करत होती म्हणून विचारलं तर म्हणाली, ऊन लागत होतं. गावानंही मग ऊन लागत होतं असंच म्हटलं. आबा मात्र समजायचं ते समजले होते.

म्हणून पुढच्या वर्षी यात्रा उलगडायला लागली तशी आबांची तगमग सुरू झाली. जेवण तुटलं. अखाजीला खोल्यांत माणसं पाहिजेत, एवढंच बोलायचे. पण अखाजीला कोण घर सोडून दुसरीकडे जातं? बायका माहेरी, पुरुष झोक्याखाली पत्त्यांचे डाव मांडून बसलेले. विचार करकरून त्यांनी एक तोडगा काढला आणि मला सांगितला. ज्या बायांना माहेर नाही, आईबाप गेले, भाऊ विचारत नाहीत, अशा बायांना बोलवायचं. खोली आहे, चूल आहे, पीठ-डाळ-गूळ आपण देऊ, चार दिवस राहा, झोका खेळा. मला तर हे फार पटलं. मी म्हटलं, आबा, देवीनंच बुद्धी दिली तुम्हाला. आता आठवतं तर हसू येतं. पुरुषांची अक्कल. दोघांच्याही लक्षात आलं नाही, की आपण काय मागतोय.

अखाजीला दोन दिवस असताना, साक्रीच्या स्टँडवर, माझ्या गाडीत त्यांनी ते जाहीर केलं. गाडी बायांनी गच्च भरलेली. नव्या बांगड्या, कडेवर पोरं, शेजारी न्यायला आलेले भाऊ. आबा नानांच्या सीटला पाठ लावून उभे राहिले, टोपी काढून हातात घेतली आणि हात जोडून म्हणाले, ज्या माउलीला माहेर नाही तिनं माझ्याकडं यावं, माझ्या लेकीसारखी ठेवीन.

  खिडकीपाशी बसलेल्या एका बाईनं पदर हनुवटीपर्यंत ओढून घेतला. तेवढंच. मग दोंडाईचाहून बसलेली एक म्हातारी, बहिणीकडे निघालेली, ती पुढच्या बाकावरून बोलली.

"आबा, डोकं ठिकाणावर शे का? माले माहेर नही म्हणीसन चार माणसंमा कोणती बाई हात वर करी? मरी जाई, पण भाऊनी आब्रू नही काढाव."

आबा तसेच उभे. म्हातारीला दया आली असावी, तिनं त्यांना शेजारी बसवून घेतलं. मी तिकिटं फाडत जवळच होतो.

"आन् माहेरले कोणी आपला पायघाई जास का?" ती हळू आवाजात म्हणाली. "मुराळी येस, तवय बाई जास."

सासरी जाऊन लेकीला घेऊन येतो तो मुराळी. खरंच, आईबाप कितीही जवळ असोत, न्यायला कोणी आल्याशिवाय कुठली पोर उठून निघते? म्हातारीनं मग आणखी एक गोष्ट सांगितली. ती इंदूच्या सासरच्याच गल्लीतली होती. म्हणाली, तुमच्या इंदूच्या जागी आलेली शोभा, तिला मामानं वाढवलं, लग्न करून दिलं आणि विसरून गेला. अखाजीला अख्खी गल्ली रिकामी होते आणि ती एकटी हापशावर पाणी भरत असते. तिला आजवर एकदाही मुराळी आला नाही.

 दुसऱ्या दिवशी सकाळी आबा परतीच्या गाडीत चढले, माझ्याकडे दोंडाईचाचं तिकीट मागितलं. मी म्हटलं, आबा, अक्काला हे कळलं तर? त्या गावाचं नुसतं नाव निघालं तरी ती भिंतीकडे तोंड करते, आणि तुम्ही त्या पोरीलाच दारात आणून उभी करणार? आधीच बाई बंधाऱ्यात उतरून आलीय.

"माले समजत नही मास्तर," ते म्हणाले. "मी तिले वाचाडी ऱ्हायनू का मारी ऱ्हायनू, माले काहीच समजत नही." आणि तिकीट टोपीत खोचून खिडकीबाहेर बघत बसले.

त्याच दुपारी, अखाजीच्या आदल्या दिवशी, ते दोंडाईचाच्या स्टँडवर उभे दिसले. शेजारी एक किडमिडी पोरगी, डोक्यावर पदर, हातात गाठोडं. गाठोड्यातून लाटणं डोकावत होतं. वाटेत आबांनी मला सगळं सांगितलं. ते दारात जाऊन म्हणाले, मी मुराळी आलोय. पोरीला वाटलं म्हातारा घर चुकला. तिच्या सासूलाही काही सुचेना. मग पोरगी आत गेली आणि लगेच गाठोडं घेऊन बाहेर आली. आबा चकित झाले, एवढ्या लवकर बांधलं कधी? सासू म्हणाली, बांधलेलंच असतं. दर अखाजीला बांधते आणि सण झाला की सोडते.

आबांनी तिला पढवून ठेवलं होतं, की घरात नाही न्यायचो, खोलीत राहायचं, आपलं आपण रांधायचं. कोणी विचारलं तर शिरपूरची म्हणून सांग, नवसाला आले म्हण. पोरीनं मान हलवली. तिला तेवढंही खूप होतं. रस्ताभर ती खिडकीच्या गजाला धरून बसली होती आणि गावागावात झोके दिसले की वळून वळून पाहत होती.

सोनदऱ्याला पोचलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. आबांनी तिला पहिल्या खोलीत नेलं, पाणी भरून दिलं, गौऱ्या दिल्या. मग घराच्या दारात जाऊन आत न पाहताच म्हणाले, पाहुणी आलीय, एकटीच आहे. आतून कोणी आलं नाही. आधीच्या धुराचा धडा अक्का विसरली नसणार. नाना आणि मी आमच्या ओट्यावर डबे उघडून बसलो. पोरीनं चूल पेटवली. डाळ चढवली. आमचे दोघांचे कान घराच्या दाराकडे.

बऱ्याच वेळानं अक्का दारात आली. चूल खरंच पेटलेली, चुलीपुढे खरंच माणूस. भिंतीला धरत धरत ती ओट्यापाशी आली. आबा पाण्याची कळशी हातात घेऊन जागच्या जागी थिजले.

कुठली गं, अक्कानं विचारलं. शिरपूर म्हण, शिरपूर म्हण, असं मी मनात घोकत होतो. पोरगी उठून उभी राहिली. खोटं तिच्या ओठापर्यंत आलं असेल, पण निघालं नाही.

"मी इंदूबाईना घरनी," ती म्हणाली.

वारा नव्हता. कुठून तरी झोक्यावरच्या पोरींची गाणी येत होती. अक्का त्या पोरीकडे पाहत राहिली आणि मी मनाशी म्हटलं, संपलं, आता ही बाई जी आत जाईल ती कायमची. नानांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. मग अक्काची नजर तिच्या गळ्यावर गेली. दुसरेपणावर दिलेल्या बाईच्या गळ्यात पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक बांधतात, तो तिथं होता. अक्कानं हात पुढं केला आणि दोन बोटांत तो धरला.

"हाऊ कोणा?"

"इंदूबाईना. तिले निवद दाखाडाबिगर मी घास नही लेस."

 अक्कानं टाक सोडला नाही. पोरगीही हलली नाही, मान पुढं करून तशीच उभी राहिली. चुलीवरची डाळ उतू गेली, निखाऱ्यावर चर्र झालं, पोरगी पटकन पातेलं उतरवायला वाकली, आणि अक्कानं तिचा दंड पकडला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "माहेरले येल आंडेर चूल फुकत नही."

आंडेर म्हणजे लेक. आमच्याकडं दुसरा शब्द नाही.

पोरगी रडायला लागली, मोठ्यानं, लहान पोरासारखी. अक्का रडली नाही. तिला दंडाला धरून घराकडे घेऊन निघाली, आणि जाताजाता आबांकडे तिचं लक्ष गेलं. कळशी हातात, तोंड उघडं, डोळ्यांतून पाणी चाललेलं. नाना म्हणतात की त्याआधी कित्येक वर्षांत ती आपल्या नवऱ्यावर ओरडली नव्हती.

"उभा काय शे? उद्या अखाजी शे. घरमानं खापर तडकेल शे, कुंभारकडथीन नवं लई ये. पोयी कसावर करसू?"

आबांनी कळशी खाली ठेवली. ठेवली कसली, सोडलीच, निम्मं पाणी सांडलं. आणि साठी उलटलेला तो माणूस कुंभारवाड्याकडे पळत सुटला. मी मागून ओरडलो, आबा, चपला घाला, वाटेत काटे आहेत. त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. धोतराचा सोगा एका हातात धरून, अनवाणी, धूळ उडवत ते देवळाच्या कोपऱ्यावरून वळले आणि दिसेनासे झाले.